जुन्या मृत्युपत्रांतून घराण्याचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंशावळ जुळवणारी माणसं जन्म-मृत्यूच्या नोंदींपाशी अडली की मृत्युपत्रांकडे वळतात. पहिलं मृत्युपत्र हाती लागलं की आनंदाच्या भरात ठरलेल्या चुकाही करतात. त्यातल्या बऱ्याच मी करून बसलो आहे, त्यामुळे खालची काही उत्तरं जरा ठासून दिली आहेत.

मृत्युपत्रात असं काय सापडतं, जे जन्ममृत्यूच्या नोंदीत नसतं?

नाती. जन्माची नोंद एका मुलाला आईबापांशी जोडते आणि थांबते. मृत्युपत्राच्या एकाच कागदावर बायको, मुलगे, लग्न झालेल्या मुली त्यांच्या सासरच्या नावांसह, जावई, नातवंडं, पुतणे, भाचे आणि सावत्र मुलंही भेटू शकतात. 'परदेशी गेलेला माझा मुलगा, तो हयात असल्यास' एवढ्या एका ओळीवरून अख्खी एक शाखा दुसऱ्या खंडात सापडल्याची उदाहरणं आहेत.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. मृत्युपत्र मालमत्तेचा कागद आहे, कुटुंबाची यादी नव्हे. ज्याला काही द्यायचं त्याचं नाव त्यात येतं. बाकीचे होते की नव्हते, याबद्दल तो कागद काही बोलत नाही.

मृत्युपत्र करायची रीत किती जुनी आहे?

फार जुनी. इजिप्तमध्ये देर एल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत नौनाख्ते नावाची एक बाई होती. इसवीसनापूर्वी बाराव्या शतकातलं तिचं मृत्युपत्र पपायरसवर लिहिलेलं आहे आणि ते आजही वाचता येतं. तिला आठ मुलं. म्हातारपणी ज्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही त्यांना तिने आपल्या वाट्यातून वगळलं, आणि कोणाला वगळलं तेही नावानिशी लिहून ठेवलं. तीन हजार वर्षांनंतर आपल्याला तिचं घर कळतं ते या भांडणामुळेच.

आमचे पूर्वज गरीब होते. त्यांचं मृत्युपत्र असणार का?

नसण्याचीच शक्यता जास्त. तरी शोध सोडू नका. सुतार, विणकर, छोटे शेतकरी, खलाशी यांची मृत्युपत्रं पुष्कळ सापडतात. समुद्रावर किंवा युद्धावर निघालेला माणूस तर थकलेल्या पगारासाठीही मृत्युपत्र करून ठेवी. शिवाय तुमच्या पूर्वजाने स्वतः केलं नसेल, पण त्याच्या मालकाने, मामाने किंवा शेजाऱ्याने केलं असेल आणि त्यात त्याचं नाव असेल. गरीब माणूस श्रीमंताच्या मृत्युपत्रात भेटतो.

प्रोबेट म्हणजे काय? आणि मृत्यूची तारीख नेमकी कोणती धरायची?

मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाने मान्य करून व्यवस्थापकाला, म्हणजे एक्झिक्युटरला, दिलेला अधिकार म्हणजे प्रोबेट. कागदावर बहुधा दोन तारखा असतात: मृत्युपत्र केल्याची आणि प्रोबेट मिळाल्याची. मृत्यू या दोहोंच्या मधला. ही फट कधी चार दिवसांची असते, कधी वीस वर्षांची. प्रोबेटची तारीख हीच मृत्यूची तारीख म्हणून लिहून टाकणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक.

इंग्लंडच्या कागदांत आणखी एक खोच आहे. १७५२च्या आधी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १० फेब्रुवारी १७१० हा दिवस ५ एप्रिल १७१०च्या नंतर येतो. अशा तारखा १७१०/११ अशा जोडून लिहाव्यात, म्हणजे पुढच्या माणसाचा घोळ होत नाही.

शोधायचं कुठे?

माणूस कुठे मेला यापेक्षा त्याची मालमत्ता कुठे होती, हे आधी पाहा. मृत्युपत्र मालमत्तेच्या मागे जातं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ जानेवारी १८५८ ही दुभागणारी तारीख आहे. त्याआधी प्रोबेटचं काम चर्चची न्यायालयं करत आणि ती ढिगाने होती. लहान मालमत्तेसाठी स्थानिक न्यायालय, आणि मालमत्ता एकाहून अधिक धर्मप्रांतांत पसरली असेल तर वरचं. सगळ्यांत वरच्या कँटरबरीच्या न्यायालयातली १३८४ ते १८५८ या काळातली मृत्युपत्रं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि नावावरून ऑनलाइन शोधता येतात. परदेशात किंवा समुद्रावर मेलेल्यांचीही बरीचशी तिथेच. उत्तरेकडची यॉर्कला, बोर्थविक संस्थेत. १८५८नंतर काम सोपं होतं: दरवर्षीची छापील सूची आहे आणि तिच्यात नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, प्रोबेट कोणाला मिळालं आणि मालमत्तेची किंमत, सगळं दोन-चार ओळींत असतं. मूळ मृत्युपत्र मिळालं नाही तरी या ओळींवर पुष्कळ काम होतं.

स्कॉटलंडची तऱ्हा वेगळी. तिथे १८६८पर्यंत जमीन मृत्युपत्राने देताच येत नसे, म्हणून मृत्युपत्रात फक्त जंगम मालमत्ता दिसते आणि जमिनीच्या वारसासाठी दुसरी दप्तरं चाळावी लागतात. फ्रान्समध्ये न्यायालयाचे उंबरे न झिजवता नोटरीचं दप्तर शोधायचं. नोटरीचे कागद साधारण ७५ वर्षांनी सार्वजनिक अभिलेखागारात जातात. तिथे मृत्युपत्रापेक्षा लग्नाचा करार आणि मृत्यूनंतर केलेली घरातल्या वस्तूंची यादी यांतून जास्त हाती लागतं. अमेरिकेत काउंटीच्या न्यायालयातली मृत्युपत्रांची वह्या-पुस्तकं पाहायची.

भारतात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदवलेलं असेल तर ते दुय्यम निबंधकाकडच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतं. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. तो गेल्यावर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. ही तरतूद फार जणांना माहीत नसते आणि काही वेळा खिडकीपलीकडच्या माणसालाही नसते, म्हणून कलमाचा आकडा कागदावर लिहून जावं.

मृत्युपत्रात एका मुलाचं नावच नाही. म्हणजे बापाने त्याला बेदखल केलं होतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं.

नाव नसण्याची कारणं ढीगभर आहेत. मुलगा बापाच्या आधी गेला असेल. लग्नात, धंदा काढताना किंवा जमीन नावावर करताना त्याचा वाटा आधीच दिला असेल. इंग्लंडमध्ये १९२५पर्यंत वारसाहक्काने जमीन आपोआप थोरल्याकडे जाई. म्हणून मृत्युपत्रात धाकट्यांची नावं दिसतात आणि थोरला दिसत नाही, त्याला वेगळं काही द्यायची गरजच नसे.

कायदा बदलला की गैरहजेरीचा अर्थही बदलतो. इस्लामी कायद्यात मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता देता येते. सुन्नी परंपरेत तर बाकीच्या वारसांच्या संमतीशिवाय ती वारसाला देताच येत नाही. म्हणजे अशा मृत्युपत्रात मुलाचं नाव नसणं हेच नेहमीचं, आणि ज्याचं नाव आहे तो बहुधा वारस नसलेला नातेवाईक. हिंदू एकत्र कुटुंबात मिताक्षरा या जुन्या हिंदू वारसा कायद्याखाली अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नव्हता. ती मुभा १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने आली. त्याआधीच्या मृत्युपत्रात वडिलोपार्जित जमिनीचा उल्लेख नसेल तर जमीन नव्हती असं नव्हे. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४च्या नागरी संहितेनंतर मुलांना त्यांच्या हक्काच्या वाट्यापासून तोडणं जवळपास अशक्यच होतं. म्हणून कोणताही निष्कर्ष काढायच्या आधी विचारा: या माणसाला कायद्याने काय देता येत होतं?

एक खरं मृत्युपत्र जवळून पाहू. विल्यम शेक्सपिअरचं, मार्च १६१६चं, तीन पानी, तिन्ही पानांवर सही. बायकोच्या वाट्याला 'दुसऱ्या क्रमांकाचा पलंग' आला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही ओळ आधी नव्हती, दोन ओळींच्या मध्ये मागाहून घातलेली आहे, आणि तिथेही 'माझी पत्नी' एवढंच आहे, नाव नाही. तिचं नाव ॲन हे दुसऱ्या कागदांतून कळतं. विधवेचा हक्काचा वाटा कायद्याने वेगळा मिळत असावा, म्हणून तिच्यासाठी जास्त लिहिलं नाही, असं अनेक अभ्यासक मानतात. मुलगा हॅम्नेट १५९६मध्ये अकरा वर्षांचा असताना वारला होता, त्याचा उल्लेखच नाही. फक्त याच कागदावरून वंशावळ काढली असती तर शेक्सपिअरला मुलगा झालाच नाही, असं आपण ठामपणे लिहिलं असतं.

पुढे आणखी गंमत आहे. बहीण जोनच्या तीन मुलांना काही रक्कम ठेवली आहे, पण त्यांतल्या एका भाच्याच्या नावाची जागा कोरीच राहिली आहे. तो थॉमस, आणि त्याचं नाव लिहायचं राहून गेलं. पहिल्या पानावर 'जावई' हा शब्द लिहायला घेऊन खोडला आहे आणि त्या जागी 'मुलगी ज्युडिथ' असं केलं आहे. ज्युडिथचं लग्न त्याच वर्षी फेब्रुवारीत झालं होतं. छापील उताऱ्यात खोडाखोड गळते, म्हणून मूळ कागदाची छायाप्रत मिळवा.

आणि जुन्या इंग्रजी मृत्युपत्रांत एखाद्या मुलाला ठेवलेली 'फक्त एक शिलिंग'ची देणगी? ती मिळालेला मुलगा नावडता होता असं लगेच धरू नका. त्याचा वाटा पूर्वीच देऊन झाला होता आणि त्याला विसरलो नाही हे कागदावर राहावं, एवढ्यासाठीही ते लिहीत.

नात्यांचे शब्द जसेच्या तसे धरावेत का?

मुळीच नाही. त्याच मृत्युपत्रात शेक्सपिअरने आपली नात एलिझाबेथ हॉल हिला 'नीस' म्हटलं आहे. आज त्या शब्दाचा अर्थ पुतणी किंवा भाची असा होतो. तेव्हा तो नातीलाही चाले. 'कझिन' पुतण्याला, भाच्याला, लांबच्या कोणत्याही नातेवाइकाला चाले. 'सन-इन-लॉ' म्हणजे कधी जावई, तर कधी सावत्र मुलगा. 'मदर-इन-लॉ' कधी सासू, तर कधी सावत्र आई. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेकच असतील असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरला आणि धाकटा असा भेद करायला ते जोडत.

'माझी आताची पत्नी' हे शब्द तर सापळाच आहेत. ते वाचून आधी एखादी बायको असणार असं वाटतं. खरं तर वकील ते पुढचा विचार करून घाली: देणगी या बायकोला, उद्या ही जाऊन दुसरी आली तर तिला नाही. या एका शब्दापायी मी एका गृहस्थाची कधी नसलेली पहिली बायको दोन महिने शोधत होतो.

कोणाचं मृत्युपत्र सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं?

निपुत्रिक आत्याचं! किंवा अविवाहित काकाचं. ज्याला स्वतःची मुलं आहेत तो दोन ओळींत मोकळा होतो: सगळं बायकोला, तिच्यामागे मुलांना सारखं. ज्याला मुलं नाहीत तो भावाबहिणींची मुलं एकेक करून मोजतो, कोण कोणाचा मुलगा ते सांगतो, कोणाला अंगठी, कोणाला घड्याळ, आणि कोणत्या भाचीचं लग्न कोणाशी झालं तेही लिहितो. म्हणून थेट पूर्वजांपाशी थांबू नका, त्यांच्या सगळ्या भावाबहिणींची मृत्युपत्रं काढा. आडवं शोधल्याशिवाय उभं जुळत नाही.

स्त्रियांची मृत्युपत्रं कमी का दिसतात?

इंग्लंडमध्ये १८८२च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याआधी लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय सहसा मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून जुनी मृत्युपत्रं विधवांची आणि अविवाहितांचीच जास्त. पण ती वाचनीय असतात. पुरुष जमीन आणि रोकड देतात, बायका कपडे, भांडी, पलंगपोस देतात आणि प्रत्येक वस्तू कोणाकडून आली तेही सांगतात.

साक्षीदारांच्या नावांना काही अर्थ असतो का?

असतो, पण उलट्या बाजूने. इंग्लंडच्या १८३७च्या कायद्यानुसार साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द होते. त्यामुळे साक्षीदार बहुधा वाटेकरी नसतो: शेजारी, कारकून, डॉक्टर, नोकर. व्यवस्थापक मात्र अगदी विश्वासातला, आणि पुष्कळदा मेहुणा किंवा जावई. त्याचं नाव आधी शोधा.

अक्षर लागतच नाही. काय करावं?

सुरुवात पाठ करा. जुन्या इंग्रजी मृत्युपत्रांची पहिली सहा-सात वाक्यं जवळपास ठरलेली असत: देवाचं नाव, शरीर अशक्त पण स्मृती शाबूत, आत्मा परमेश्वराच्या हवाली, देह मातीच्या. काय लिहिलंय ते आधीच माहीत असल्यामुळे तेवढ्या भागातून त्या लेखनिकाचं प्रत्येक अक्षर कसं दिसतं त्याची तक्ता-यादी करता येते. मग तीच यादी हाताशी घेऊन पुढे जायचं. नावं सगळ्यांत शेवटी वाचा, कारण वाक्यातला शब्द अंदाजाने ओळखता येतो, नाव येत नाही. मोडी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेल्या लिपीत आडनावावर किती वेळ जातो ते त्यांनाच माहीत.

समोरची प्रत मूळ आहे की वहीत उतरवलेली, तेही पाहा. कँटरबरीच्या ज्या प्रती सहज मिळतात त्या कारकुनाने वहीत उतरवून घेतलेल्या आहेत. खालची सही तुमच्या पूर्वजाच्या हातची नाही, आणि नाव उतरवताना चूक झालेली असू शकते. मूळ कागदावर सहीऐवजी फुली असली तरी माणूस निरक्षर होता असं नाही. मरणपंथाला लागलेल्याचा हात चालत नाही.

मृत्युपत्र नष्ट झालं असेल तर?

आयर्लंडची मूळ मृत्युपत्रं जवळपास सगळी ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागाराच्या आगीत गेली. इंग्लंडच्या डेव्हन परगण्याची एक्सेटरवरच्या १९४२च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पण कागद जळतो तेव्हा त्याची सावली दुसरीकडे राहिलेली असते. आयर्लंडच्या सूच्या बऱ्याच वाचल्या. विल्यम बेथम यांनी आधीच्या शतकात तिथल्या वरच्या न्यायालयातल्या मृत्युपत्रांमधली नाती वहीत टिपून ठेवली होती, त्या वह्या आज मूळ कागदांची जागा भरून काढतात. इंग्लंडमध्ये १७९६ ते १९०३ या काळातली मृत्यूकराची रजिस्टरं आहेत. त्यांत कर आकारण्यासाठी प्रत्येक वाटेकऱ्याचं मृताशी नातं लिहिलेलं असतं आणि कारकून पुढे कित्येक वर्षं टिपणं जोडत राहिलेले दिसतात.

आणि मृत्युपत्र केलंच नसेल तर न्यायालयाने कोणाला तरी प्रशासक नेमलेलं असतं. ती नोंद आखूड असते, पण प्रशासक बहुधा विधवा किंवा सगळ्यांत जवळचा नातेवाईक असतो आणि त्याचं नातं लिहिलेलं असतं.

मृत्युपत्रावरून भांडण झालं असेल तर?

तर तुमचं नशीब फळफळलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या, त्यांची वयं, म्हाताऱ्याला शेवटी कोण पाणी पाजत होतं, कोण दार लावून बसलं होतं, सगळं दप्तरात राहतं. एकोप्याने राहिलेल्या कुटुंबांचा इतका तपशील कधीच मिळत नाही.

पूर्वज गुलामगिरीत होते. त्यांच्यासाठी मृत्युपत्रांचा उपयोग आहे?

आहे, आणि बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो. अमेरिकेच्या १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी तपशील-पत्रकं होती. त्यांत मालकाच्या नावाखाली वय आणि लिंग आहे, पण माणसांची नावं सहसा नाहीत. मुक्त झालेल्या माणसांची नावं सर्रास भेटतात ती १८७०च्या जनगणनेत. त्याआधीचं नाव शोधायचं तर मालकाचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी वाचावी लागते. तिथे जनावरांच्या आणि नांगरांच्या रांगेत माणसं किमतीसह लिहिलेली असतात. वाचताना हात थांबतो. पण 'अमुक स्त्री आणि तिची मुलं' या ओळीतून आई आणि मूल जुळतात.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या ९ जुलै १७९९च्या मृत्युपत्रात विल्यम ली या माणसाला ताबडतोब स्वातंत्र्य आणि वर्षाला ३० डॉलर दिले आहेत. बाकीच्या स्वतःच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करायचं ठरवलं. त्याच वर्षी माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावरच्या तीनशेहून अधिक गुलामांची यादी केली गेली: नाव, काम, कोणाची बायको कोणत्या शेतावर. त्यांच्या वंशजांना आज हीच यादी आधाराला मिळते.

एकाच नावाची दोन माणसं निघाली तर मृत्युपत्र कोणाचं ते कसं ठरवायचं?

नावावरून ठरवूच नका. गाव, धंदा, बायकोचं नाव, व्यवस्थापक, जमिनीचा उल्लेख यांतल्या निदान दोन गोष्टी दुसऱ्या स्वतंत्र कागदाशी जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर ते मृत्युपत्र वंशावळीला न जोडता वेगळ्या फायलीत ठेवा आणि का जोडलं नाही ते वर लिहा. माझ्या त्या फायलीत आज अकरा मृत्युपत्रं आहेत. त्यांतलं एक गेल्या वर्षी एका विधवेच्या पलंगपोसामुळे बाहेर पडून जागेवर गेलं: तोच पलंगपोस तिच्या सासूच्या मृत्युपत्रातही होता.